मापाला उभी

रविवार, १८ मे २००८, पौड

करंजवडी पाहून आलो. यंदा धरणाचं पाणी इतकं खाली गेलंय की आमच्या जुन्या गावाची वेस, मारुतीच्या देवळाचं जोतं, पायऱ्यांची विहीर आणि वीरगळ, सगळं उघडं पडलंय. आजोबा इथूनच गाडीत संसार भरून निघाले आणि मागून पाणी आलं. गेली वीस वर्षं मी या गावावर टिपणं करतोय, पण हाती चित्र एकही नव्हतं. आज एका सकाळीत एकशे त्रेचाळीस फोटो काढले.

कॅमेरा अमोघचा. चिरंजीव कंपनीच्या कामाला वर्षभर शिकागोला गेले आणि कॅमेरा माझ्या गळ्यात अडकवून गेले. "बाबा, सगळं सेट करून ठेवलंय. फक्त बटण दाबा, बाकी कशाला हात लावू नका." मी हात लावला नाही.

टेप मुद्दामच नेली नाही. चिखलात टेप ताणायला दोन माणसं लागतात आणि पस्तीस वर्षं चित्रकला शिकवलेल्या माणसाला तिची गरजही नसते. बायकोला, हेमाला, प्रत्येक अवशेषाशेजारी मापाला उभी केली. तिची उंची पाच फूट एक इंच. फोटोवर पेन्सिल धरायची, तिच्यावर अंगठ्याने हेमाएवढं अंतर घ्यायचं आणि ते भिंतीवर चढवत न्यायचं. सातवीच्या पोरांना जमायचं.

हेमा मात्र लवकर दमली. विहिरीपर्यंत पोचताना दोनदा बसली. होडीवाला भिवाजी मध्ये पडला. "मास्तर, बाईस्नी जरा बसू द्या की. तोंड बगा कसं झालंय त्यांचं." मी म्हटलं, सावली सरकली की फोटो गेला, मग काय सूर्याला थांबवू? शेवटच्या पाच फोटोंत ती पोक काढून उभी आहे. म्हणजे ते पाच मापाच्या दृष्टीने बाद. अ‍ॅसिडिटी आहे म्हणे. सकाळी पोह्यांवर दोनदा चहा घेतला की दुसरं काय होणार.

बुधवार, २१ मे

पुण्याच्या इतिहासप्रेमी मंडळींची स्मरणिका जुलैत निघते आहे. संपादक दयानंदराव म्हणाले, बारा फोटो घेतो, प्रत्येकाखाली वास्तूची उंची लिहून द्या, दहा जूनच्या आत ई-मेलने पाठवा. उंचीवर त्यांचा फार भर. पाणी पुन्हा चढलं की तपासायला कोणी जाऊ शकणार नाही, आणि पुढे जो कोणी करंजवडीवर लिहील तो माझाच आकडा धरून लिहील. ते ऐकल्यापासून घरात बसवत नाही. माझ्यामागे या गावाचं काही उरायचं असेल तर ते या बारा पानांत.

ई-मेलसाठी बाजारपेठेतल्या सायबर कॅफेत गेलो. कॅफे सुरैयाचा, माझी जुनी विद्यार्थिनी. शेजारच्याच गाळ्यात तिच्या नवऱ्याचं, रफीकचं, झेरॉक्सचं दुकान. एलिमेंट्रीच्या परीक्षेला हिला मी सी ग्रेडच्या लायकीचीही नाही म्हटलं होतं. तिने बी आणला आणि पेढे घेऊन आली होती. तिने खुर्ची पुसून दिली. तीन फोटो जायला दीड तास लागला. मध्ये मी तीनदा पौडच्या चौकापर्यंत चालून आलो.

शुक्रवार, २३ मे

दयानंदरावांचा फोन. "विठ्ठलराव, तुमचं सगळं कच्चं आहे. पक्कं करून पाठवा."

मी फोन ठेवूनच दिला. वीस वर्षांचं काम आणि हा पंचेचाळिशीचा माणूस म्हणतो कच्चं. दिवसभर अंगणात येरझाऱ्या घातल्या. हेमा म्हणाली, अहो, नक्की काय कच्चं म्हणाले ते तरी विचारायचं. तिला यातलं काय कळतंय.

सोमवार, २६ मे

फायली कच्च्या आहेत, काम नाही. सुरैयाने समजावलं तेव्हा कळलं आणि दयानंदरावांना फोन करून मुकाट्याने हवापाण्याच्या गप्पा माराव्या लागल्या.

झालंय असं की साधे कॅमेरे आतल्या आत फोटो तयार करून हातात देतात. अमोघने याला तसं सांगितलेलंच नाही. भिंगातून आला तो उजेड हा जसाच्या तसा साठवून ठेवतो, आणि त्याचा फोटो आपण कॉम्प्युटरवर करायचा. सुरैया म्हणाली, "ताट वाढायचं सोडून अमोघदादांनी शिधा दिलाय सर. रांधायचं आपल्याला." तो रांधायचा प्रोग्रॅम असलेली सीडी भुकूमला अमोघच्या फ्लॅटमध्ये. एसटीने जाऊन आणली. परत आलो तर वीज गेलेली. साडेसहापर्यंत भारनियमन. काउंटरवर बोटं वाजवत बसलो, शेवटी तिने हळूच माझ्यापुढे वर्तमानपत्र सरकवलं.

गुरुवार, २९ मे

झाले! एकशे त्रेचाळीसचे एकशे त्रेचाळीस. नऊ-दहा एमबीची कच्ची फाईल, तिची एक एमबीच्या आतली जेपीजी. मी विचारलं, बाकीचे आठ गेले कुठे? सुरैया म्हणाली, दाबून बसवताना जे गेलेलं डोळ्याला कळणार नाही ते यंत्र टाकून देतं. मला हे काही पटलं नाही. कोणाच्या डोळ्याला?

पण फोटो झकास. आकाश स्वच्छ, वेशीची कमान ठसठशीत. ऊन डोक्यावर असल्याने पदराखाली हेमाचा चेहरा काळा पडलाय, सगळी हेमाच कोळशाने काढलेल्या आकृतीसारखी दिसते. मापाला हे फारच सोयीचं. कडा स्वच्छ मिळतात.

घरी आल्यावर हेमाने विचारलं, मी दिसते का त्यांत? म्हटलं, दिसतेस की, काळी आकृती दिसते. ती हसली आणि म्हणाली, बरंच झालं.

शनिवार, ३१ मे

छापलेल्या प्रतींवर पेन्सिल धरून सगळी मापं काढली. वेस नऊ फूट दोन इंच. वीरगळ चार फूट तीन इंच. मजकूरही लिहिला: "वीरगळ, उंची ४ फूट ३ इंच. शेजारी मापासाठी उभी व्यक्ती." चोख.

जेवायला खिचडीच. विचारलं तर म्हणे भाकऱ्या थापायचा कंटाळा आला. दुपारी आडवीही झाली. हिला दुपारी आडवं झालेलं मी बाळंतपणानंतर पाहिलेलं नाही. वय झालं.

मंगळवार, ३ जून

दयानंदरावांनी खुसपट काढलंच. वीरगळाचा खालचा भाग काळोखात आहे, तिथलं कोरीव काम दिसत नाही, तेवढं उजळून पाठवा. आता सात दिवस राहिले. सकाळी नऊलाच सुरैयाच्या दारात जाऊन उभा राहिलो, तिने शटरसुद्धा वर घेतलं नव्हतं.

मी म्हटलं, काळं ते काळं, त्यातून काय काढणार? ती म्हणाली, "सर, तुमीच शिकवलंय. सावलीत काळा रंग भरला म्हणून माझा कागद टराटरा फाडला होता तुमी. म्हणाला होता, सावली कधी काळी नसते, नीट बघ, तिच्यात सगळं असतं." असं मी म्हणत असे, खरं आहे. जेपीजीत काही उरलेलं नाही, पण कच्च्या फाईलीत असणार, असं म्हणून तिने ती उघडली आणि पडद्यावरची एक पट्टी हळूहळू उजवीकडे सरकवत नेली.

वीरगळावर घोडा आला. घोड्याचे पाय आले, खाली पडलेला माणूस आला. मी खुर्चीतून उठलोच. हे कोरीव काम तिथे समोर उभा असून मला दिसलं नव्हतं. आणि मग वीरगळाशेजारी, पदराखालून, हेमाचा चेहरा आला.

सुरैयाचा हात थांबला. मी म्हटलं, पुरे, एवढं पुरे, आता दाबून बसव. तिने दुसरी फाईल उघडली, तीही तशीच उजळली, मग तिसरी. मला वाटलं हिला छंद लागला. म्हटलं, अगं, एकाच फोटोचं काम आहे.

"सर, काकूंचा हात बगा."

उजवा हात छातीवर, पदराच्या आत. मी म्हटलं, वाऱ्याने पदर उडतो म्हणून धरलाय. तिने फायली ओळीने लावल्या. कॅमेरा वेळही टिपून ठेवतो म्हणे. नऊ पंचवीसला हेमा वेशीत ताठ उभी आहे. दहा दहाला देवळाच्या जोत्याला टेकली आहे. दहा चाळीसला हात छातीवर. अकराच्या पुढे ते पोक काढलेले, बाद केलेले पाच. पाचहीत डोळे मिटलेले आणि दात आवळलेले. घामाने चेहरा ओला.

"त्या दिवशी वारा नव्हता सर," सुरैया म्हणाली. "झाडाचं पान हाललेलं न्हाई कुठल्याच फोटोत. काकूंना डॉक्टरला दाखवा."

मी म्हटलं, अ‍ॅसिडिटी आहे, तू फोटोचं बघ. वीरगळाचा फोटो पाठवला आणि घरी आलो. कामाचं सोडून भलत्याच गोष्टी काढत बसतात ही पोरं.

बुधवार, ४ जून

सकाळपासून चित्त थाऱ्यावर नाही. काम झालंय, फोटो पोचलेत, तरी नाही.

हेमा चहा करत होती. मी उगाच स्वयंपाकघराच्या दारात उभा राहिलो. तिने पातेलं ओट्यावरून उचललं, शेगडीवर ठेवलं आणि उजवा हात छातीवर नेला. अगदी तिथेच. मग माझ्याकडे वळून म्हणाली, काय हवंय? हात खाली. मी म्हटलं काही नाही. दुपारी पाण्याची बादली उचलताना पुन्हा. मी मोजायला लागलो. चारपर्यंत सहा वेळा.

विचारलं, कधीपासून दुखतंय? म्हणे, दुखत नाही, आवळल्यासारखं होतं, होतं आणि जातं. कधीपासून? संक्रांतीपासून. जानेवारी ते जून! मी ओरडलोच तिच्यावर, मग सांगितलं का नाहीस? ती पदराने हात पुसत म्हणाली, सांगितलं होतं, तुम्ही म्हणालात पोह्यांवर चहा घेऊ नकोस.

तेवढ्यात दारात रफीकची व्हॅन. सुरैया पुढे बसलेली. मला काही न विचारता सरळ आत गेली आणि म्हणाली, "काकू, चला, डॉक्टरांकडं जाऊन येऊ. सर येतील मागनं." हेमा लगेच चपला घालून निघाली. एरवी मी देवळात चल म्हटलं तरी हिला अर्धा तास लागतो. कोणीतरी म्हणायचीच वाट बघत असावी.

पौडच्या डॉक्टरांनी कार्डिओग्राम काढला आणि चिठ्ठी लिहून दिली, असेच कोथरूडला जा, घरी जाऊ नका. हे मी कोथरूडच्या हॉस्पिटलच्या बाकावर बसून लिहितोय. हेमाला आत नेलंय.

शनिवार, ७ जून

मधले दोन दिवस काही लिहिलं नाही. परवा दोन नळ्यांत जाळ्या बसवल्या. एक नळी नव्वद टक्के बंद होती. डॉक्टर म्हणाले, अजून पंधरा दिवस अशीच घरात वावरली असती तर काही खरं नव्हतं. नशीब, तुम्ही वेळेत लक्षणं ओळखलीत.

मी ओळखली म्हणे. मी मान डोलावली. बाहेर आल्यावर पायऱ्यांवर बसलो आणि रडलो. रफीक शेजारी येऊन बसला, थोड्या वेळाने चहा घेऊन आला.

अमोघचा फोन आला. त्यानेही विचारलं, कसं कळलं? म्हटलं, तू कॅमेरा कच्च्यावर ठेवला होतास त्यामुळे. त्याला वाटलं माझं डोकं फिरलंय. पुढे म्हणाला, सॉरी बाबा, तुम्हाला सांगायचं राहिलं, जेपीजीवर करून द्यायला हवा होता.

सोमवार, ९ जून

उद्या शेवटची तारीख. फोटो गेलेत, मजकूर गेलाय, म्हणजे मी निवांत असायला हवं. पण आज एक भलतंच झालं.

हेमाच्या खाटेच्या पायथ्याशी तिचा कागद अडकवलेला असतो. नर्स औषधं द्यायला आली तेव्हा मी सहज वाचला. नाव, वय अठ्ठावन्न, वजन, उंची एकशे सत्तेचाळीस सेंटिमीटर. मनात आकडेमोड केली. चार फूट दहा. पुन्हा केली, तेवढेच आले. नर्सला म्हटलं, उंची चुकीची लिहिली आहे. ती म्हणाली, काका, आम्ही भिंतीला उभं करून मोजतो.

हेमा उशीवर डोकं ठेवून ऐकत होती. म्हणाली, "बरोबर आहे त्यांचं. मी चार दहाच."

"पाच फूट एक इंच. लग्नाच्या वेळी सांगितली होती."

"तुमच्या हैबतरावमामांनी अट घातली होती, मुलगी पाच फुटांच्या वर हवी. आमच्या आबांनी तीन इंच वाढवून सांगितले."

मी म्हटलं, आणि सदतीस वर्षं मला बोलली नाहीस? ती शांतपणे म्हणाली, "तुम्ही कधी मोजलीत?"

माझ्या तोंडाकडे बघून तिलाच हसू आलं. म्हणाली, "माप ओलांडून घरात आले, ते तुमच्या मापालाच उभी राहिले." हसताना तिचा हात छातीकडे गेला आणि मी जागचा उठलो. ती म्हणाली, बसा हो, सवय आहे ती हाताला.

संध्याकाळी दयानंदरावांना फोन केला. म्हटलं, माझी बाराही मापं चुकली आहेत, छापू नका. ते म्हणाले, चुकली म्हणजे किती? म्हटलं, माझी बायको तीन इंचांनी कमी निघाली. हॉस्पिटल, खाटेवरचा कागद, सगळं सांगितलं ते त्यांनी ऐकून घेतलं. मग म्हणाले, वीस तारखेपर्यंत थांबतो, आधी वहिनींना घरी न्या.

मंगळवार, १७ जून

भिवाजीचा फोन. "मास्तर, पानी चढलं. येस बुडाली, हीर गेली. बाईस्नी कसं हाय?" म्हटलं, परवा घरी आणलं, बरी आहे. तो म्हणाला, "तवाच म्हनलो हुतो तुमास्नी." म्हणाला होता. मी त्याच दिवशी इथे लिहूनही ठेवलंय, आणि खाली सूर्याला थांबवू का म्हणून शहाणपणही.

आता करंजवडीत टेप लावायची म्हटली तरी सोय नाही. गावाचं खरं माप उरलंय ते एकट्या हेमाच्या उंचीत.

गुरुवार, १९ जून

सुरैयाने कच्च्या फायली पुन्हा रांधल्या, या वेळी सगळ्यांत सावली उघडून. तिने सगळ्यांच्या दोन सीड्या करून दिल्या आणि कच्च्या फायली अजिबात पुसू नका म्हणून दम दिला. पैशांचं काढलं तर म्हणाली, "बी ग्रेडचं ए करा सर." म्हटलं, माझ्या हातात असतं तर आजच केलं असतं.

मग मापं नव्याने काढली. वेस आठ फूट साडेआठ इंच. वीरगळ चार फूट अर्धा इंच. सगळं गाव जरा खाली बसलं. बारावा फोटो मी बदलला. आधी विहिरीचा, ताठ उभ्या हेमाचा होता. आता पोक काढलेल्या पाचांतला एक घेतला. त्यातून माप निघत नाही, तसं खाली लिहिलंही. दयानंदराव काय म्हणायचं ते म्हणोत.

"शेजारी मापासाठी उभी व्यक्ती" हे बाराही ठिकाणी खोडलं. तिथे लिहिलं, "शेजारी सौ. हेमलता, उंची ४ फूट १० इंच." लिहिलं आणि थांबलो. हा आकडा तरी कोणाचा? हॉस्पिटलचा. मी अजूनही मोजली नव्हती.

हेमाला हाक मारली. ती भिंत धरत सावकाश आली. म्हटलं, दाराच्या चौकटीला पाठ लाव. म्हणाली, फोटो काढताय का? म्हटलं, नाही. कपाटातून टेप काढली. ती टाचा जुळवून उभी राहिली, हनुवटी वर करून, तशीच जशी चिखलात दीड तास उभी होती. म्हटलं, हेमा, ताठ राहू नकोस, दम लागेल, असशील तशी राहा. तिच्या डोक्यावर पट्टी आडवी धरली आणि जमिनीपासून टेप लावली. चार फूट दहा. पट्टीखालून पेन्सिलीने रेघ मारली, तारीख घातली, नाव लिहिलं.

या चौकटीवर अमोघच्या एकवीस रेघा आहेत, दर वाढदिवसाची एक, सगळ्या माझ्या हातच्या. हेमाची ही पहिली.